ॲसिडिटीच्या गोळ्या

१८ नोव्हेंबर

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून एक फाईल पुढ्यात सरकवली आणि म्हणाले, "पडघान मॅडम, हे तुमच्याकडे." झालं! जे कोणालाच नको असतं ते माझ्याकडे येतं. मी आधी कुरकुर करते आणि मग काम पूर्ण करते, हे वाशीमच्या आमच्या अख्ख्या फार्मसी कॉलेजला पाठ झालं आहे.

या वेळचं काम म्हणजे डी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांना मानसिक आजाराच्या पेशंटशी बोलायला शिकवायचं. नंतर ही पोरं गावातल्या मेडिकल स्टोअरवर ट्रेनिंगला जाणार, तिथे शिकलेलं वापरणार आणि जानेवारीत विभागातल्या कॉलेजांच्या बैठकीत मी त्यावर बोलणार. नागपूरला याच विषयाचं दोन दिवसांचं शिबिर करून आले होते, त्याची ही शिक्षा.

खरं सांगायचं तर मनातून बरं वाटलं. दहा वर्षं मी गोळी कशी बनते ते शिकवते आहे. ती गळ्याखाली उतरवणाऱ्या माणसाबद्दल अवाक्षर कधी बोलले नाही. प्राचार्यांना मात्र तोंड वाकडं करूनच दाखवलं.

२५ नोव्हेंबर

आज वर्गात नाटक करून घेतलं. टेबल म्हणजे काउंटर. पेशंट कोण होणार विचारलं तर निम्म्या पोरांचे हात वर. हरीओम उठला, केस विस्कटले, डोळे फिरवले आणि लागला स्वतःशीच हसायला. वर्ग खो खो. मी डस्टर आपटला. म्हटलं, "असा दिसतो का रे पेशंट? तुझ्या शेजारी बसून रोज डबा खाणारा पेशंट असू शकतो." हसणं थांबलं, पण हरीओमला वाटलं मी त्याच्या शेजारच्याबद्दलच बोलते आहे. जागेवर जाऊन तो त्या बिचाऱ्यापासून लांब सरकून बसला. काय करावं या पोट्ट्यांचं!

मग हरीओमला परत काउंटरसमोर आणलं आणि मागे निकिताला उभं केलं. रिसोडची पोरगी आहे. हजेरीलासुद्धा हात वर करते, आवाज निघत नाही. तिने हरीओमकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "झोप नाई येत म्हनता, त जेवन होते काय बरोबर?" हरीओम नाटक विसरला. "नाई व, मेसचं जेवन लय बेकार हाय. अन् घरची आठवन येते." पोरं हसली. मी नाही हसले. त्याचे डोळे भरले होते. या पोरीत काहीतरी आहे.

२९ नोव्हेंबर

आज फळ्यावर मुद्दे लिहून दिले. आधी ऐकायचं, उपदेश करायचा नाही, गोळ्या मनाने बंद करू नका हे सांगायचं. आपल्याकडे कोणी डोक्याच्या गोळ्या म्हणून मागत नाही. कमजोरीच्या, गॅसच्या, झोपेच्या म्हणतात. ते लाजेपोटी असतं, तेव्हा हळूच, गोड बोलून ती लाज काढायची. आणि सोबत आलेल्या माणसाला सोडायचं नाही. घरचा माणूस समजावला तर अर्धा आजार तिथेच हलका होतो.

हरीओमने मागून विचारलं, "मॅडम, त्या घरच्या मानसाले माहीतच नसन तर?"

"गोळ्या न्यायला आलाय म्हणजे माहीत असणारच ना! वेळ खाऊ नको."

सगळ्यांनी मुद्दे उतरवून घेतले. निकिताने तर खाली लाल पेनाने रेघाही मारल्या.

६ डिसेंबर

सकाळी विहारात गेले. दिवसभर दुसरं काही केलं नाही.

९ डिसेंबर

बस स्टँडजवळच्या जानराव काकांच्या मेडिकलवर निकिताला लावून दिलं. काकांचा आवाज स्टँडच्या फाटकापर्यंत ऐकू येतो आणि पेशंटपेक्षा तेच जास्त आजारी दिसतात, पण दुकान चालतं. माझं म्हणणं ऐकून म्हणाले, "बोलाले काय शिकोता मॅडम? गर्दीच्या टायमाले हे पोट्टी बोलत बसली, त माहे गिऱ्हाईक समोरच्याकडं जातीन."

म्हटलं, "काका, दोन गोड शब्दांनी गिऱ्हाईक वाढेल."

"वाढो बाप्पा," म्हणाले, आणि तिला खोकी उघडायला लावलं.

१३ डिसेंबर

आजचा दिवस चांगला गेला. खरंच चांगला.

निकिता दुपारी कॉलेजात आली ती धावतच. जानराव काका रिसोडला लग्नाला गेले होते, दुकानात ती आणि कामावरचे एक भाऊ. मेडशीचा एक माणूस आला, धरमसिंग राठोड. सोयाबीन विकायला वाशीमला आला होता. बायकोने सांगितलं होतं म्हणे, येताना माझ्या ॲसिडिटीच्या गोळ्या आणा, दुकानदाराला पंचफुला राठोड एवढं नाव सांगा, तो देईल. पोरीला ताप होता म्हणून ती स्वतः आली नव्हती. निकिताने कॉम्प्युटरवर नाव काढलं. दर महिन्याला त्याच गोळ्या, त्या ॲसिडिटीच्या नव्हत्या, मानसिक आजाराच्या होत्या. मधे एकही महिना खाडा नाही.

निकिताला लगेच माझा फळा आठवला. माणूस लाजतो आहे, म्हणून ॲसिडिटी म्हणतो आहे. तिने त्याला बाजूला, फ्रीजपाशी बोलावलं. म्हणाली, "दादा, लाजाचं काई नाई. शुगर-बीपीसारखाच आजार हाय हा. ताई इतक्या नेमानं गोळ्या घेतात, हे लय चांगलं हाय. मधात बंद नका होऊ देऊ. बंद झाल्या की आजार पलटते. तिच्यावर ध्यान ठेवा, तिले तुमचा आधार पायजे."

माणसाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कधीपासून घेते हे विचारलं, आजाराचं नाव दोनदा विचारलं, गोळ्यांच्या पाकिटाचा मोबाईलवर फोटोसुद्धा काढला. असा नवरा दुर्मिळ! आमच्याकडचे पुरुष बायकोच्या औषधाची पिशवी हातात धरायला तयार नसतात.

निकिता म्हणाली, "मॅडम, पन त्याईचं तोंड उतरलं होतं. सुटे पैसे घ्यायलेबी थांबले नाईत."

म्हटलं, "अगं, मोकळं झालेला माणूस असाच दिसतो. इतके दिवस हे ओझं एकटाच वागवत असेल." तिला कँटीनमध्ये चहा पाजला. शिकवलेलं काउंटरवर उभं राहिलेलं दहा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. घरी येताना गुणगुणत होते, हे शेजारच्या साधनाताईंनी दाखवून दिलं.

१६ डिसेंबर

निकिताची केस नाव-गाव बदलून अहवालात लिहिली. प्राचार्य खूश. बैठकीत हीच मांडा म्हणाले. निकिताला सांगितलं तर म्हणते, "माह्यावालं नका सांगू मॅडम. दुसऱ्या कोनाचं सांगा." किती हा बुजरेपणा! या वयात पाठीवर थाप घ्यायलाही शिकायला हवं.

२७ डिसेंबर

तुरीच्या शेंगा आल्या. सोलल्या, उसळ केली. निकिता वर्गात गप्प. ट्रेनिंग करून थकत असतील पोरं.

६ जानेवारी

कसं लिहू.

जानराव काकांचा फोन आला. "आत्ताच्या आत्ता दुकानात या." गेले. दुकानात एक म्हातारी पायरीवर बसलेली होती. पंचफुलाची आई, गोमतीबाई. काकांचा आवाज आज बसलेला होता, तेच जास्त वाईट वाटलं.

काकांनी जे सांगितलं ते असं. पंचफुलाला हा आजार लग्नाच्या आधीपासूनचा. गोळ्यांवर ती चांगली होती. लग्न जमवताना माहेरच्यांनी सांगितलं नाही, नंतर सांगायची हिंमत झाली नाही. महिन्यातून एकदा माहेरी जाते म्हणून निघायची, वाशीमला यायची, काका तिच्या गोळ्या ॲसिडिटीच्या रिकाम्या डबीत भरून द्यायचे. सासरी ती डबी चुलीजवळच्या फळीवर सगळ्यांच्या नजरेसमोर असायची. कोणाला कधी संशय आला नाही. तिथे तिने संसार केला, मुलगी झाली, शेती केली.

धरमसिंग त्या दिवशी घरी गेला आणि काही बोलला नाही. गावातल्या डॉक्टरला फोटो दाखवला. मग बायकोला एवढंच विचारलं की तू मला कधी सांगणार होतीस. ती रडली, पाया पडली. सासूने घर डोक्यावर घेतलं. त्याने मारझोड केली नाही, शिवी दिली नाही. आरामाला म्हणून माहेरी आणून सोडली आणि तीन वर्षांची मुलगी स्वतःकडे ठेवली. तेव्हापासून पंचफुलाने एक गोळी घेतलेली नाही. झोपत नाही. एकटीच बोलते.

गोमतीबाई मला म्हणाल्या, "कोन पोट्टी होती व ते? जवाई म्हने लय गोड बोलली. इतकं गोड कोनीच समजावून सांगतलं नाई म्हने त्याईले."

मी काकांवर भडकले. म्हटलं, असं होतं तर ट्रेनिंगच्या पोरीला सांगून जायचं ना! काका म्हणाले, "लपवून ठेवलेलं काय सगळ्यायले सांगत फिरू?" मग मला पंचफुलाचा राग आला. नवऱ्याशी इतकी वर्षं खोटं? कधीतरी उघडं पडणारच होतं! मग माहेरच्यांचा आला, आजार लपवून लग्न का लावायचं? येताना रस्ताभर एकेकाचा राग येत होता. घरी येऊन बसले तेव्हा राग करायला कोणी शिल्लक राहिलं नव्हतं, आणि त्यापुढचं मला लिहायचं नाही.

१० जानेवारी

निकिता स्टाफरूमच्या दाराशी उभी. जानराव काकांनी तिला सगळं सांगितलं होतं. मी म्हटलं, "तुझी चूक नाही, मी शिकवलं तसंच तू केलंस." वाक्य तोंडातून निघाल्यावर मला ते ऐकू आलं.

ती म्हणाली, "मॅडम, तिच्याकडं जाऊ."

"जाऊ. बैठक होऊ दे."

"बैठक काहून मॅडम?"

मी रजिस्टर उघडून बसले. ती उभीच राहिली, मग गेली.

१९ जानेवारी, रविवार

शेवटी बैठकीच्या आधीच गेलो. निकिता परवा सकाळी माझ्या घरासमोर येऊन उभी राहिली, मग नाही म्हणवलं नाही. जानराव काकांनी गोळ्यांची पिशवी दिली, पैसे घेतले नाहीत.

मालेगावच्या, म्हणजे मेडशीच्याच, रस्त्यावर फाट्याला उतरलं की आत चालत तिचा माहेरचा तांडा. घर नीट सारवलेलं. पंचफुला ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं होतं ती ओरडेल, शिव्या देईल. माझ्याच वयाची निघाली. केस विंचरलेले नाहीत, ओठ सुकलेले, पण नजर आमच्याकडेच.

निकिता तिच्यासमोर जमिनीवर बसली. मी तिला फळ्यावरच्या मुद्द्यांची आठवण करून दिली नाही आणि तिनेही ते आठवले नाहीत. सरळ म्हणाली, "ताई, मीच होती दुकानात. मीच सांगतलं त्याईले. मले वाटलं त्याईले माहीत हाय."

पंचफुलाने तिचं तोंड निरखलं. "तू व्हय," म्हणाली. "लहान दिसतं."

निकिता रडायला लागली. गोमतीबाईंनी तिला पाणी दिलं. आमच्याच घरी येऊन आमचंच पाणी पिऊन रडतात, असं मनात आलं असेल का त्यांच्या? माझ्या तरी आलं.

मी पिशवी पुढे केली. म्हटलं, "पंचफुलाताई, जे झालं ते झालं. गोळ्या सुरू करा. बऱ्या व्हाल."

"कायले?"

"तुमच्या तब्येतीसाठी."

"तब्येतीसाठी कोन खात होतं, मॅडम? त्या खाल्ल्या की हात थरथरते, तोंड सुकते, अंग जड पडते. त्या घरात मले राहाता याव म्हनून खात होती. पोरगी झाल्यावर तिच्यासाठी खाल्ल्या. घर गेलं, पोरगी त्याहीच्यापाशी हाय. आता कोनासाठी खाऊ? सांगा."

मला नागपूरचं शिबिर आठवेना, फळा आठवेना. मी म्हटलं, "मुलीसाठीच खा. बऱ्या झालात की ती येईल."

"आधी आना." ती पुढे सरकली, माझा हात घट्ट धरला. हात तापलेला होता. "तुमाले समजावून सांगता येते ना? त्याले समजावलं तसं अजून एक डाव समजावा. पोरगी आना, मी तुमच्यासमोर गोळी खातो."

आणि मी म्हटलं, "आणते." विचार न करता म्हटलं. बैठक झाल्यावर पुढच्याच्या पुढच्या रविवारी मेडशीला जाऊन येते म्हटलं. ती तोंडातल्या तोंडात रविवार, रविवार म्हणत राहिली.

२४ जानेवारी

बैठक झाली. निघण्यापूर्वी प्राचार्यांना म्हटलं, ती केस काढून टाकते, तिचं पुढे बिघडलं. ते म्हणाले, "पुढचं कोण विचारतंय? काउंटरपर्यंतची सांगा. तेवढं तर खरं आहे ना?" खरं आहे.

मी सांगितली. काउंटरपर्यंत. नवऱ्याने फोटो काढला इथे थांबले. टाळ्या पडल्या. एका बाईंनी येऊन माझा नंबर घेतला, त्यांच्या कॉलेजातही हे सुरू करायचं आहे म्हणाल्या. जेवणात बासुंदी होती, मी दोन वाट्या खाल्ल्या. लाज वाटते लिहायला, पण खाल्ल्या.

निकिताने विचारलं नाही. मी सांगितलंही नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळच्या बसने मी आणि निकिता मेडशीला गेलो. धरमसिंगने ओळख सांगताच आत बोलावलं, खाटेवर चादर टाकली, चहा ठेवायला लावला. मुलगी त्याच्या मांडीवर. तिचे केस त्यानेच बांधलेले असावेत, एक बाजू वर, एक खाली. मी वाटेत ठरवलेलं सगळं बोलले. त्याने मधे एकदाही तोडलं नाही. ऐकायची त्याची रीत अशीच आहे, हे आज समजलं.

मग म्हणाला, "मी काई वाईट मानूस नाई, मॅडम. मले पहिल्याच दिवशी सांगतलं असतं, त मीच तिच्या गोळ्या आनल्या असत्या. तिनं मले मानसात धरलंच नाई. मी तिच्या बाजूले झोपून राह्यलो अन् मले डबीत काय हाय ते माहीत नाई. ह्या पोट्टीनं फ्रीजपाशी सांगतलं तवा मागं काउंटरवर धा मानसं उभी होती. मी खाली पाहून निंगालो."

मी म्हटलं, "राग बरोबर आहे तुमचा. पण मुलीला आईची गरज आहे."

"हाय ना. पन ती गोळ्या खाऊन राह्यली काय?"

मी खाटेवरची चादर सारखी करायला लागले.

"नाई खात ना? ह्या ताईनंच मले सांगतलं," त्याने निकिताकडे बोट केलं, रागाने नाही, आठवून. "गोळ्या बंद झाल्या की आजार पलटते, तिच्यावर ध्यान ठेवा. मंग आता लेकरू कसं देऊ तिच्यापाशी? तिनं गोळ्या सुरू केल्या की मी सोता आनून सोडतो."

निकिता म्हणाली, "दादा, पोरगी दिसल्याशिवाय ते गोळी घेत नाई म्हनते. तुमीच घेऊन चला तिले. घडीभर. तुमच्या डोयासमोर गोळी घेईन, मंग परत घेऊन या."

तो विचारात पडला. खरंच पडला, मी पाहिलं. मुलीच्या चपला कुठे आहेत ते बघायला मान वळवली. तेवढ्यात आतून म्हातारीचा आवाज आला, "लेकरू या घरातून हलनार नाई, धरमसिंग. सांगून ठेवतो." त्याने मान पुन्हा सरळ केली. चहा आला. साखर जास्त होती. तो म्हणाला, "तुमी शिकलेल्या हा, तुमीच सांगा मी काय करू." आम्ही चहा पिऊन उठलो.

परतीच्या बसमध्ये मी निकिताला म्हटलं, "फाट्यावर आज उतरायला नको. आणखी एकदा त्याच्याशी बोलू, मग जाऊ. रिकाम्या हाताने जाऊन काय सांगणार?" तिकिटं मी वाशीमची काढली.

फाटा आला तर दोघी मायलेकी रस्त्यावरच उभ्या. पंचफुलाने अंघोळ केलेली, केसांना तेल लावून घट्ट वेणी, नवीन लुगडं. हातात मुलीचं लाल स्वेटर. गोमतीबाईंनी आम्हाला खिडकीतून ओळखलं आणि बस थांबायच्या आधीच बाजूने धावत ओरडायला लागल्या, "मॅडम! खाल्ली हो तिनं गोळी! सकायीच खाल्ली! म्हने मॅडमनं सबद देल्ला, पोरगी येऊनच राह्यली, मंग आधीच खातो!"

निकिता उठली. मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला, जोर लावून नाही, आणि गेली. बसमध्ये बाया चढत होत्या, त्यांच्या पिशव्यांमधून वाट काढत उतरली. मी उठले नाही. उठायला हवं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. मी पुढच्या सीटचा दांडा धरून बसले, कंडक्टरने बेल मारली.

निकिता तिच्यासमोर जाऊन उभी राहिली होती. पंचफुला तिच्याकडे बघतच नव्हती. मान वाकडी करून ती निकिताच्या मागे, बसच्या दाराकडे पाहत होती, आणखी कोणी उतरतंय का ते.